भिंत, डबा आणि मुळाक्षर : महोत्सवातील समलिंगी लघुपट

महोत्सवातील लघुपटांच्या सत्राला बसलेला प्रेक्षक एकच एक कृती पाहत नसतो. दीड-दोन तासांत आठ-दहा लघुपट एकापाठोपाठ एक पडद्यावर येतात. दोहोंच्या मधे दिवे लागतात न लागतात तोच पुढच्याची नामावली सुरू होते. पहिल्याचा शेवट मनात मुरायला अवधी मिळत नाही आणि दुसऱ्याची सुरुवात त्या न मुरलेल्या शेवटावरच उमटते. दिवाळी अंकातील कथा शेजारच्या कथेमुळे वेगळी वाचली जाते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. (दिवाळी अंक ही एक सलग संहिता मानून मराठी समीक्षेने तिचा फारसा विचार केलेला नाही, पण तो मुद्दा वेगळा.) अशा सत्रात प्रेक्षक नकळत एक मोठी कृती रचत जातो आणि सुट्या लघुपटाचे मूल्यमापन करताना या रचलेल्या कृतीचा ऋणभार त्यावर पडतो.

समलिंगी प्रेम हे आशयसूत्र असलेल्या लघुपटांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीरपणे घ्यावी लागते. याचे कारण ऐतिहासिक आहे. कथापटाला आज ना उद्या चित्रगृह मिळण्याची आशा असते. लघुपटाला बहुधा महोत्सवाचाच पडदा मिळतो आणि या विषयावरील लघुपटाला तर दीर्घकाळ दुसरा पडदाच नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७७ साली समलिंगी चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. बर्लिनच्या महोत्सवात १९८७ पासून ‘टेडी’ पुरस्कार दिला जाऊ लागला, तेव्हा पहिल्याच वर्षी पेद्रो अल्मोदोव्हार यांच्या कथापटाच्या बरोबरीने गस व्हॅन सँट यांच्या लघुपटांचाही गौरव झाला. मुंबईत श्रीधर रंगायन यांच्या पुढाकाराने ‘कशिश’ हा महोत्सव २०१० मध्ये उभा राहिला. महोत्सव हे या लघुपटांचे केवळ वितरणाचे साधन राहिलेले नाही. त्यांचा अभिप्रेत प्रेक्षक कोण, हे महोत्सवानेच ठरवलेले आहे. तेव्हा प्रश्न असा येतो, की आपल्याला कोण पाहणार आहे आणि ते कोणत्या भावनेने पाहणार आहे हे ज्या कृतीला आधीच ठाऊक असते, तिच्या घडणीवर त्या ठाऊक असण्याचा कोणता परिणाम होतो?

या प्रश्नाची धार कळण्यासाठी ज्या कृतीला असा प्रेक्षक मुळीच नव्हता तिच्याकडे आधी वळावे लागते. झाँ जने यांनी १९५० मध्ये केलेला ‘अँ शाँ दामूर’ (प्रेमगीत) हा सुमारे पंचवीस मिनिटांचा कृष्णधवल मूकपट. जने यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. तुरुंगातील शेजारशेजारच्या कोठड्यांत दोन कैदी आहेत आणि त्यांच्यामध्ये जाड भिंत आहे. भिंतीला एक बारीक छिद्र आहे. एक कैदी त्यातून गवताची काडी पलीकडे सरकवतो आणि विडीचा धूर त्या काडीतून सोडतो. पलीकडचा तो धूर तोंडात घेतो. स्पर्श घडत नाही आणि तरीही स्पर्शाहून निकटचे काहीतरी घडते. चित्रपटकलेच्या इतिहासात शारीर जवळिकीची इतकी नेमकी आणि इतकी काटकसरीची प्रतिमा क्वचितच सापडेल.

परंतु या लघुपटातील खरे मर्मस्थान कैद्यांच्या जोडीत नाही, ते पहारेकऱ्यात आहे. तो दारांच्या झरोक्यांतून एकामागून एक कोठडीत डोकावतो. प्रेक्षकाला जे दिसते ते बऱ्याच अंशी त्याच्या डोळ्याने दिसते. म्हणजे पाहणारा हा कायद्याचा माणूस आहे, त्याच्या कमरेला पिस्तूल आहे आणि जे तो पाहतो त्याची त्याला शिसारी येते की ओढ वाटते, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. शेवटी तो आत शिरून कैद्याला मारहाण करतो, पिस्तुलाची नळी त्याच्या तोंडात खुपसतो. धुराची काडी आणि पिस्तुलाची नळी या दोन प्रतिमांचे साम्य जने यांनी कुठेही अधोरेखित केलेले नाही; ते तसे करीत नाहीत म्हणूनच ते अंगावर येते. प्रेक्षकाची जागा या कृतीत अशी पहारेकऱ्याच्या जवळची आहे. तिथे बसून कुणालाही निर्धास्तपणे टाळ्या वाजवता येणार नाहीत.

हा लघुपट खाजगी संग्राहकांच्या कपाटांत राहिला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला योनास मेकस यांनी तो दाखवला तेव्हा त्यांना अटक झाली. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने १९६६ मध्ये तो अश्लील ठरवला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पहारेकरी असा पडद्याबाहेरही उभा राहिला. आजच्या महोत्सवात हाच लघुपट ‘अभिजात’ म्हणून दाखवला जातो आणि वातानुकूलित सभागृहात पाहिला जातो तेव्हा त्यातील झरोक्याचे काय होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. झरोका पडद्यावर असतोच, पण आपण त्याच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत याची धास्ती उरत नाही.

भारतीय संदर्भात आरंभबिंदू म्हणून रियाद विंची वाडिया आणि जंगू सेठना यांच्या १९९६ मधील ‘बॉम्गे’ या लघुपटाचे नाव घेतले जाते. वाडिया हे ‘वाडिया मूव्हिटोन’च्या घराण्यातले, त्याआधी त्यांनी ‘हंटरवाली’ नादियावर माहितीपट केला होता. ‘बॉम्गे’ची लांबी जेमतेम बारा मिनिटे. आर. राज राव यांच्या इंग्रजी कवितांवर तो रचलेला आहे. राव पुणे विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करीत. त्यांच्या कवितांतील मुंबई ही घर नसलेल्यांची मुंबई आहे. म्हणजे राहायला घर असेल, पण या प्रेमाला घर नाही. म्हणून ते सार्वजनिक जागा शोधते: लोकलचा डबा, मुताऱ्या, ग्रंथालय. खाजगी जीवनाला शहरातील सर्वाधिक सार्वजनिक जागांचाच आडोसा घ्यावा लागतो, हा या लघुपटाचा आशय आणि तो त्याच्या तुटक, खोडकर, काहीशा उद्धट घाटातून व्यक्त होतो. त्यातील तांत्रिक कच्चेपणा आज डोळ्यांत भरतो. काही प्रतिमा केवळ धक्का देण्यासाठी आल्या आहेत हेही नाकारता येत नाही. तथापि त्याला सहानुभूतीची याचना करावीशी वाटत नाही, हे त्याचे बळ. भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ लागू असताना आणि भारतात असा प्रेक्षक कुठे गोळा होऊ शकतो याची कल्पनाही नसताना तो केला गेला. याच्या दोनच वर्षांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, दीपा मेहता यांच्या ‘फायर’वरून मुंबई-दिल्लीतील चित्रगृहांवर हल्ले झाले. वाडिया २००३ मध्ये वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार आज ‘कशिश’मध्ये उदयोन्मुख भारतीय दिग्दर्शकाला दिला जातो.

‘कशिश’च्या बाबतीत एक विसंगती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले आणि पुढच्याच वर्षी माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या परवानगीने हा महोत्सव मुंबईच्या नियमित चित्रगृहात भरला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. संबंध पुन्हा गुन्हा ठरले. महोत्सव मात्र बंद पडला नाही. मे २०१४ मध्ये तो मरीन लाइन्सजवळच्या ‘लिबर्टी’त भरला. हे चित्रगृह १९४९ साली मेहबूब यांच्या ‘अंदाज’ने सुरू झाले आणि १९९४ नंतर दीर्घकाळ तिथे ‘हम आपके हैं कौन’ चालला. विवाहसंस्थेचा एवढा मोठा उत्सव ज्या पडद्यावर लोकांनी सहकुटुंब पाहिला, त्याच पडद्यावर आता जे पाहिले जात होते ते पाहणे गुन्हा नव्हता आणि करणे मात्र गुन्हा होता. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापर्यंत, म्हणजे पावणेपाच वर्षे, ही स्थिती राहिली. या काळात केलेल्या आणि पाहिल्या गेलेल्या लघुपटांत जो एक घाईचा, आर्जवाचा स्वर लागतो, त्याचे मूळ इथे शोधावे लागेल. केवळ कलेच्या निकषांवर त्यांना तोलणे अन्यायाचे होईल. पण ते निकष बाजूला ठेवणे हाही एक प्रकारचा उपकार करण्याचाच आविर्भाव आहे आणि तो या कृतींचा अधिक अपमान करणारा आहे.

मराठी वाचक-प्रेक्षकाला हा विषय नवा नाही. तो ज्या रीतीने त्याच्यापर्यंत आला ती रीत मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात मित्राची गोष्ट सांगतो बापू. तो मित्रावर प्रेम करणारा, तिला समजून घेऊ पाहणारा आणि अखेरीस कमी पडणारा पुरुष आहे. चेतन दातार यांच्या ‘एक, माधवबाग’मध्ये मुलाचे सत्य त्याच्या रोजनिशीतून आईपर्यंत येते आणि आईच्या तोंडून आपल्यापर्यंत. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. भावाचे निवेदन बहिणीच्या निवेदनाला लावून वाचल्याशिवाय पुरते कळत नाही. म्हणजे मराठीत हे प्रेम प्रायः साक्षीदारासह आलेले आहे. कुणीतरी शेजारी उभे असते, त्याला काही कळते, काही कळत नाही. या साक्षीदाराला बिचकत्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाच्या सोयीसाठी योजलेला मध्यस्थ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे आणि तसे म्हणण्यात तथ्यही आहे. पण त्याच्यामुळे एक गोष्ट साधत होती. प्रेम करणाऱ्याची बाजू आणि त्याला पाहणाऱ्याची बाजू यांतील अंतर संहितेच्या आतच राहत होते आणि तिथेच नाट्य घडत होते.

महोत्सवातील लघुपटाने हा साक्षीदार काढून टाकला. काढून टाकला यापेक्षा, तो पडद्यावरून उठून सभागृहात येऊन बसला असे म्हणणे अधिक बरोबर होईल. समोर बसलेले बहुतेक सगळे आपले आहेत, त्यांना काही समजावून सांगावे लागणार नाही, हा विश्वास दिग्दर्शकाला प्रथमच मिळाला. आयुष्यभर हे विषय बंद दाराआड, एकट्याने, आवाज बारीक करून पाहिलेला माणूस पाचशे जणांत बसून ते पाहतो तेव्हा त्याला जे मिळते त्याची किंमत बाहेरच्या समीक्षकाने ठरवू नये. पण हाच विश्वास आळसालाही निमंत्रण देतो. अशा सत्रांतील कितीतरी लघुपटांचा आलेख एकसारखा निघतो: दडपण, भेट, भीती आणि शेवटी उच्चार. मुलगा आईला सांगतो, मुलगी लग्नाच्या आदल्या रात्री वडिलांना सांगते. उच्चार होताच पडदा काळा होतो आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्या कृतीला पडतात की त्या उच्चाराच्या धैर्याला, हे सांगणे कठीण. बहुधा दोहोंचा हिशेब एकत्रच केला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात चहा कुणी केला आणि तो कुणी घेतला, ही खरी कथा असते आणि ती सांगायला लघुपटाकडे वेळ नसतो. लांबी कमी म्हणून वेळ नसतो असे म्हणता येणार नाही. जने यांच्याकडेही पंचवीसच मिनिटे होती.

या उच्चाराच्या नीतीचा सर्वांत अस्वस्थ करणारा नमुना निशित सरन यांच्या ‘समर इन माय व्हेन्स’ (१९९९) या माहितीपटात मिळतो. मुलाच्या पदवीदानासाठी आई आणि नातलग अमेरिकेला येतात. मुलगा सतत चित्रण करतो आहे आणि त्याला जे आईला सांगायचे आहे ते तो चित्रण चालू असतानाच सांगतो. ती ऐकते, हेलावते, त्याला स्वीकारते. प्रसंग खरा आहे आणि विलक्षण हृद्यही आहे. तरीही एक काटा सलत राहतो. प्रेक्षकाला जे आधीपासून ठाऊक आहे ते एकट्या आईला ठाऊक नाही. कॅमेरा नसता तर तिला गप्प बसायचा, उठून आत जायचा, उद्या बोलू म्हणायचा अधिकार होता. कॅमेऱ्यापुढे तो उरलेला नाही. मुलाच्या बाजूने पाहावे तर कॅमेरा हीच त्याची ढाल आहे; तिच्याशिवाय त्याला ते शब्द उच्चारता आले नसते. ढाल दोघांच्या मधे येते हे त्या ढालीचे कामच आहे. सरन यांचे २००२ मध्ये अपघाती निधन झाले. त्यांच्या आई, मिन्ना सरन, पुढे समलिंगी व्यक्तींच्या पालकांच्या वतीने कलम ३७७ च्या न्यायालयीन लढ्यात उतरल्या. चित्रपटातील होकाराचे वजन हे नंतरचे आयुष्य ठाऊक झाल्यावर बदलते. ते चित्रपटात मात्र नव्हते, असू शकत नव्हते.

उच्चाराच्या या सक्तीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे मौन. फराझ अन्सारी यांचा ‘सिसक’ (२०१७) हा तो मार्ग घेतो. मुंबईच्या लोकलमध्ये रात्री दोन पुरुष रोज एकमेकांना पाहतात. एक शब्द नाही, एक स्पर्श नाही. नजर आणि नजर चुकवणे एवढाच व्यवहार. कल्पना सुंदर आहे. पण समलिंगी चित्रपटांतील मौनाला एक इतिहास आहे. जने यांचा मूकपट आहेच. त्याशिवाय १९८९ मध्ये आयझॅक ज्यूलियन यांच्या ‘लुकिंग फॉर लँग्स्टन’च्या न्यूयॉर्कमधील खेळात, लँग्स्टन ह्यूज यांच्या वारसांच्या हरकतीमुळे, त्यांच्या कविता जिथे येतात तिथे ध्वनी बारीक करावा लागला होता. त्या मौनामागे कुणीतरी तोंड दाबलेले आहे हे जाणवते. ‘सिसक’मधील मौनाला मात्र पार्श्वसंगीताने वेढून टाकले आहे, पात्रे जे बोलत नाहीत ते वाद्ये बोलून टाकतात आणि मौन अलंकार होऊन बसते. याहून महत्त्वाचा मुद्दा डब्याचा. गाडी रिकामी आहे. दोन नजरा भेटाव्यात म्हणून दिग्दर्शकाला गर्दी काढून टाकावी लागली. मुंबईच्या लोकलचे सत्य रिकामेपणात नाही, ते दाटीत आहे: जिथे कुणाचा खांदा कुणाच्या छातीशी टेकतो याला कुणी काही नाव देत नाही आणि म्हणूनच तिथे सगळे काही शक्य असते. राव यांच्या कवितांना आणि ‘बॉम्गे’ला हे माहीत होते. वीस वर्षांत प्रेम अधिक शालीन झाले आणि डबा मोकळा झाला. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध लावायचा तर वर्गाचा विचार करावा लागेल. गर्दीत उभ्या असलेल्यांपैकी कुणी या महोत्सवाच्या पडद्यावर अलीकडे दिसतो का, हा तो विचार.

साक्षीदार काढून टाकूनही उच्चाराच्या आहारी न जाणे आणि मौनाचा अलंकार न करणे, हे ज्या थोड्या लघुपटांना साधले त्यांत ब्राझीलच्या डॅनिएल रिबेरो यांचा २०१० मधील लघुपट मोडतो. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ ‘मला एकट्याने परतायचे नाही’ असा होतो. नायक लिओनार्दो हा शाळकरी मुलगा अंध आहे. त्यामुळे नजरेचा खेळ, जो अशा लघुपटांचा हुकमी आधार, इथे मुळातच बाद होतो. प्रेम कळते ते शाळेतून घरी पोचवणाऱ्याच्या दंडावरून, त्याच्या आवाजावरून. प्रेक्षक सगळे पाहतो आणि नायक काहीच पाहत नाही. साक्षीदार आणि प्रेमी यांच्यातील अंतर अशा रीतीने पुन्हा कृतीच्या आत आले आहे.

मराठीपुरते बोलायचे तर रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘उ उषाचा’ (२०१९) या लघुपटाचा विचार सविस्तर करावा लागतो. उषा ही शेतमजुरी करणारी, दोन मुलांना एकटीने वाढवणारी, निरक्षर बाई. मुलांच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंकडे तिचे मन ओढ घेते आणि त्या ओढीतून ती लिहायला-वाचायला शिकू लागते. कथानक इतकेच.

शीर्षकापासूनच सुरुवात करू. मराठी बालवाचनमालेत ‘उ’ हा उखळाचा. पिढ्यानुपिढ्या मराठी मुलांनी हे अक्षर कांडण्याच्या साधनावरून, म्हणजे बाईच्या श्रमाच्या वस्तूवरून गिरवले. त्या उखळाच्या जागी इथे बाईचे स्वतःचे नाव येते. शुद्धलेखनाचा आग्रही ‘उषेचा’ म्हणेल. पण बोलीत माणसांच्या नावाला असा विकार होत नाही. नाव अखंड राहते. आपले नाव मोडू न देता अक्षराला जोडणारी ही बाई व्याकरणाच्या आधी भेटते, हे योग्यच झाले.

महोत्सवी लघुपटात पात्राच्या इच्छेला एक संज्ञा लागते, आणि ती बहुधा इंग्रजी असते. ती उच्चारली की पात्र स्वतःला सापडले असे मानण्याचा संकेत आहे. उषाला अशी संज्ञा ठाऊक नाही आणि चित्रपट ती तिच्यावर लादत नाही. तिला हवी आहेत अक्षरे. तिचे शिकणे हे बाईंजवळ जाण्याचे निमित्त आहे की बाईंची ओढ हे शिकण्याचे निमित्त, याचा निवाडा करण्याच्या फंदात दिग्दर्शक पडत नाही. तिला स्वतःलाही तो करायची गरज भासत नाही. स्त्री-साक्षरतेचे प्रचारपट आपल्याकडे उदंड झाले. त्यांत बाई सही करायला शिकते ती सावकाराने फसवू नये म्हणून. लावणीपासून कादंबरीपर्यंत मराठीत इच्छा करणाऱ्या स्त्रियाही उदंड आहेत. पण इच्छेमुळे पाटी-पेन्सिल हातात घेणारी स्त्री विरळा. इथे वासना आणि विद्या या दोन शब्दांमधली आपली जुनी तटबंदी सहज ओलांडली जाते आणि ओलांडताना कुणी मागे वळून बघतही नाही. शेतमजूर बाईच्या पडद्यावरील प्रतिमेला आपण इतके दुःख चिकटवून ठेवले आहे, की तिला काही आवडू शकते हेच एखाद्या नव्या शोधासारखे वाटावे.

परंतु या लघुपटाचा महोत्सवातील खेळ एक वेगळीच विसंगती निर्माण करतो. तो मराठीत आहे आणि मुंबईतही तो इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवला जातो. परदेशांत तर तसा दाखवावाच लागतो. म्हणजे एक बाई ‘उ’ गिरवायला शिकते आहे हे सभागृह पडद्याच्या तळाशी असलेली रोमन अक्षरे वाचून समजून घेते. उपशीर्षकात ‘उ’चे काय होणार? इंग्रजी शीर्षकाने ‘यू फॉर उषा’ अशी सोय लावली आहे. ‘यू’ हे अक्षरही चालते आणि इंग्रजी बालवाचनाची आठवणही होते. उखळ मात्र गेले आणि त्यासोबत तो बदलाचा क्षणही गेला. याहून टोचणारी गोष्ट अशी, की पडद्यावरची उषा उठून सभागृहात आली तर तिला हा महोत्सव वाचता येणार नाही. कार्यक्रमपत्रिका, चर्चा, परिसंवाद, बरेचसे चित्रपट यांची भाषा तिची नाही. तिच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये तिला बसायला जागा नाही. हा दोष आयोजकांच्या माथी मारून चालणार नाही. ज्या समाजाने या विषयाला स्वतःच्या भाषेत दोन शब्द दिले नाहीत आणि दिले ते शिवीच्या स्वरूपात दिले, त्या समाजाच्या महोत्सवाची भाषा दुसरी असणार. ‘समलिंगी’ हा शब्दही कोशातून आलेला, कायद्याच्या आणि वैद्यकाच्या वासाचा. चारचौघांत तो कुणी प्रेमाने उच्चारल्याचे ऐकिवात नाही. ‘मित्र’ आणि ‘मैत्रीण’ हे शब्द आपल्याकडे उघड वापराचे आहेत, पण त्यांचा अर्थ ऐकणारा ठरवतो.

निशांत रॉय बोंबार्डे यांच्या ‘दारवठा’ या लघुपटाचा उल्लेखही इथे करायला हवा. पदार्पणाच्या कथाबाह्य चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला २०१५ सालासाठी मिळाला. वयात येणारा मुलगा, मुलग्याने कसे असावे याबद्दलची घराची आणि गावाची शिकवण आणि तिच्यात न मावणारे त्याचे मन, असा त्याचा विषय आहे. शीर्षकाचा शब्द पुस्तकी ‘उंबरठा’ नाही. ‘उंबरठा’ म्हटले की मराठी प्रेक्षकाला जब्बार पटेल यांचा १९८२ चा चित्रपट आणि त्यातील घर सोडणारी सुलभा आठवते. हा मुलगा घर सोडण्याच्या वयाचा नाही. त्याला दारातच उभे राहायचे आहे. बोलीतला शब्द घेऊन दिग्दर्शकाने ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवली. या लघुपटाला राजमान्यता मिळाली तेव्हा कलम ३७७ लागूच होते, हेही लक्षात असू द्यावे.

कानवडे यांनी पुढे कथापटाकडे वळून ‘साबर बोंडं’ केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागाचे कथापटासाठीचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो आपल्या चित्रगृहांत आला. त्याच्या सर्वंकष समीक्षेचे हे स्थळ नव्हे. पण लघुपटात जे अवघड जात होते ते तिथे कसे सुटले, एवढे पाहणे प्रस्तुत आहे. वडील गेल्यावर शहरात राहणारा आनंद सुतकाचे दहा दिवस काढायला मूळ गावी जातो. तिथे त्याला लहानपणचा सोबती बाळ्या भेटतो. घरात माणसे आलेली, विधींचे नियम पाळायचे, भावकीत लग्नाच्या चौकशा सुरू. दहाव्यापर्यंतचा हा काळ रिवाजाने दिलेला आहे. दिग्दर्शकाला तो कथेसाठी वेगळा निर्माण करावा लागत नाही. उच्चाराचा प्रसंग या चित्रपटाला लागत नाही, कारण आनंदच्या आईला ते आधीपासूनच ठाऊक आहे. मराठीतला तो जुना साक्षीदार अशा रीतीने घरी परत आलेला दिसतो. मात्र आता त्याने काही शोधून काढायचे नाही आणि मुलाची गोष्ट त्याच्या तोंडून सांगायचीही नाही. नातलगांच्या प्रश्नांना ही आई मुलाच्या वतीने काहीतरी उत्तर देते आणि पुढच्या कामाला लागते.